जुन्या स्टेशन वॅगन मोटारींतील इंजिनाचे अतितापन

इंजिनाचे अतितापन म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनाचे तापमान त्याच्या नेहमीच्या मर्यादेबाहेर जाणे. पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीत कूलंटचे तापमान सामान्यतः ८५ ते १०५ अंश सेल्सियस या दरम्यान राहते. ते याहून वर चढत गेले, कूलंट उकळू लागले किंवा टाकीतून बाहेर फेकले जाऊ लागले, की इंजिन तापले असे म्हटले जाते. अतितापन हे एक लक्षण आहे. त्यामागे कमी झालेले कूलंट, बंद पडलेला पंखा, चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, फुटलेले हेड गॅस्केट अशी निरनिराळी कारणे असू शकतात. म्हणून दुरुस्तीपूर्वी निदान आवश्यक ठरते. जुन्या स्टेशन वॅगन मोटारींत या निदानाला विशेष महत्त्व आहे. कारण या गाड्या बहुधा पूर्ण भाराने वापरल्या जातात आणि एका स्वस्त भागाकडे झालेले दुर्लक्ष त्यांच्या संपूर्ण इंजिनाच्या नाशाला कारण होऊ शकते.

स्टेशन वॅगन आणि उष्णतेचा भार

स्टेशन वॅगन म्हणजे जिचे छप्पर थेट मागच्या दारापर्यंत गेलेले असते आणि जिच्या मागील आसनामागे सामानाची मोकळी जागा असते अशी मोटार. रेल्वे स्थानकावरून उतारू व त्यांचे सामान नेणाऱ्या वाहनांवरून अमेरिकेत हे नाव रूढ झाले. ब्रिटनमध्ये तिला ‘इस्टेट’ म्हणतात. आरंभीच्या वॅगनचा मागील सांगाडा लाकडी असे. फोर्ड कंपनीने १९२९ मध्ये मॉडेल ए या गाडीची स्टेशन वॅगन बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्णपणे पोलादी सांगाड्याच्या वॅगन प्रचारात आल्या.

बहुतेक वॅगनमध्ये त्याच नावाच्या सेडान मोटारीचे इंजिन व रेडिएटर जसेच्या तसे वापरले जातात. वॅगनचे स्वतःचे वजन मात्र अधिक असते आणि तिच्यात माणसे व सामानही अधिक भरले जाते. युरोप व अमेरिकेत तिच्यामागे कॅराव्हान किंवा नौकेचा ट्रेलर जोडण्याची प्रथा आहे. चढावर असा भार ओढताना इंजिनाला अधिक इंधन जाळावे लागते व त्या प्रमाणात उष्णता वाढते. स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या अनेक गाड्यांत गिअरचे तेलही रेडिएटरच्या टाकीतूनच थंड केले जाते. वातानुकूलन यंत्राचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असल्याने रेडिएटरपर्यंत पोहोचणारी हवा आधीच तापलेली असते. नवीन गाडीची शीतकरण यंत्रणा हा सर्व भार पेलते. वीस-तीस वर्षांनी तीच यंत्रणा निम्मी चोंदलेली असेल, तर सपाट रस्त्यावर काहीही जाणवत नाही. सुट्टीच्या प्रवासात, भरलेल्या गाडीने घाट चढताना मात्र तिची उणीव उघडी पडते.

शीतकरण यंत्रणेचे कार्य

पेट्रोल इंजिनात इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने चौथा हिस्सा ते एक तृतीयांश भाग प्रत्यक्ष कामी येतो. तितकाच किंवा त्याहून मोठा भाग धुराबरोबर निघून जातो आणि उरलेली उष्णता मुख्यतः कूलंटमार्फत बाहेर टाकावी लागते.

वॉटर पंप कूलंटला सिलिंडर ब्लॉक व सिलिंडर हेड यांमधील पोकळ्यांतून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद राहतो व कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरते. ठरावीक तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८२ ते ९२ अंशांना, थर्मोस्टॅटमधील मेण प्रसरण पावून झडप उघडते आणि गरम कूलंट वरच्या होजमधून रेडिएटरमध्ये जाते. तेथे बारीक नळ्या व पातळ पत्र्यांमधून वाहताना ते आपली उष्णता हवेला देते आणि खालच्या होजमधून इंजिनात परतते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना असलेला रेडिएटर व्हिल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीज ३५ अश्वशक्ती या मोटारीसाठी तयार केला. आजचे रेडिएटर त्याच तत्त्वावर चालतात.

गाडी वेगात असताना वाऱ्यामुळे रेडिएटरला पुरेशी हवा मिळते. गाडी उभी असताना किंवा संथ चालताना हे काम पंख्याला करावे लागते. जुन्या वॅगनमध्ये पंखा बहुधा वॉटर पंपाच्या आसावर बसवलेला असून तो पट्ट्याने फिरतो. पंखा व आस यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाने भरलेला क्लच असतो. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली, की क्लचच्या पुढील बाजूची द्विधातू पट्टी वाकते, तेल आतल्या खाचांत शिरते आणि पंख्याची पकड घट्ट होते.

यंत्रणेतील सर्वांत साधा व सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे दाबाचे झाकण. वातावरणापेक्षा १०० किलोपास्कल अधिक दाबाखाली शुद्ध पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. झाकणाचे रबर किंवा स्प्रिंग निकामी झाली, तर हा दाब टिकत नाही आणि इतर सर्व भाग सुस्थितीत असूनही चढावर कूलंट उकळू लागते.

अतितापनाचे परिणाम

१९७० ते १९९० या काळातील अनेक इंजिनांत ब्लॉक ओतीव लोखंडाचा व हेड ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. नेहमीच्या तापमानात दोहोंमधील गॅस्केट हा फरक सांभाळते. इंजिन अतिशय तापले, तर बोल्टांनी जखडलेल्या हेडला प्रसरणास वाव उरत नाही. ते वाकते किंवा त्याला तडा जातो. मग ज्वलनातील वायू कूलंटमध्ये व कूलंट सिलिंडरमध्ये किंवा इंजिन ऑइलमध्ये शिरते. कूलंट मिसळलेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही. तसेच पिस्टन सिलिंडरमध्ये जखडण्याचाही धोका असतो. हे नुकसान काही मिनिटांत होऊ शकते. म्हणूनच, गाडी घरापर्यंत कशीबशी नेण्याचा प्रयत्न बहुधा मूळ बिघाडापेक्षा महाग पडतो.

तापमापकाचा काटा

चालकाला इंजिनाची अवस्था केवळ तापमापकाच्या काट्यावरून कळते. हा काटा तापमान थेट दाखवीत नाही; हेड किंवा ब्लॉकमध्ये बसवलेल्या संवेदकाचा विद्युत रोध तो दाखवतो. यातून दोन प्रकारची फसवणूक संभवते.

पहिल्या प्रकारात संवेदकाच्या तारेचे आवरण गळून ती इंजिनाच्या धातूला टेकते. अशा वेळी इंजिन थंड असूनही काटा एकदम लाल भागात जातो. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. कूलंट फार कमी झाले, तर संवेदक द्रवाबाहेर उघडा पडतो. वाफ व हवा संवेदकाला द्रवाइतकी उष्णता देत नाहीत. त्यामुळे इंजिन जळण्याच्या बेतात असताना काटा मध्यावर स्थिर राहतो किंवा खालीही उतरतो. त्याच वेळी हीटरमधून गरम हवेऐवजी थंड हवा येऊ लागली, तर कूलंट संपत आल्याची ती जवळजवळ निश्चित खूण मानावी. शंका आल्यास हेड, होज व थर्मोस्टॅटचे घर यांचे तापमान इन्फ्रारेड तापमापकाने मोजून काट्याशी ताडून पाहावे.

निदान : इंजिन केव्हा तापते?

सुटे भाग एकामागून एक बदलत जाणे हा निदानाचा महाग मार्ग आहे. इंजिन कोणत्या परिस्थितीत तापते याची नोंद ठेवल्यास शोधाचे क्षेत्र पुष्कळ आटोपशीर होते.

गर्दीत किंवा गाडी उभी असताना तापते, वेगात निवते : दोष हवेच्या प्रवाहात असतो. पंख्याचा क्लच, सैल पट्टा, विजेच्या पंख्याची मोटर, रिले किंवा तापस्विच यांची तपासणी करावी. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे काढून टाकलेले असल्यास पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत राहतो.

वेगात किंवा चढावर तापते, गर्दीत ठीक असते : दोष बहुधा कूलंटच्या प्रवाहात किंवा रेडिएटरच्या क्षमतेत असतो. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने किंवा बाहेरून कीटक व धुळीने भरलेल्या असतात, किंवा वॉटर पंपाची पाती झिजलेली असतात. खालच्या होजमधील तारेची स्प्रिंग गंजून नाहीशी झाली असेल, तर इंजिनाची गती वाढताच पंपाच्या ओढीने होज आत चिपकतो व प्रवाह अडतो. गाडी थांबवून तपासेपर्यंत तो पुन्हा पूर्ववत होतो. त्यामुळे हा दोष सहजी सापडत नाही.

सुरू केल्यानंतर थोड्याच वेळात तापते : थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असतो, कूलंट कमी असते किंवा यंत्रणेत हवा कोंडलेली असते. वरचा होज थंड व हेड तापलेले असल्यास संशय थर्मोस्टॅटवर येतो.

कूलंट बदलल्यानंतर लगेच तापू लागते : हवा कोंडल्याचा हा नेहमीचा परिणाम होय.

एकदा फार तापल्यानंतर वारंवार तापते : हेड गॅस्केट निकामी झाल्याची शक्यता गृहीत धरावी.

इंजिनात उष्णताच अधिक निर्माण होत असेल, तरीही काटा वर जातो. ठिणगीची वेळ मागे पडणे, इंधनाचे मिश्रण पातळ होणे, ब्रेक चिकटून राहणे आणि धूर निघण्याचा मार्ग चोंदणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. शीतकरण यंत्रणेत काहीही दोष न आढळल्यास त्यांच्याकडे वळावे.

चाचण्या

गळतीची चाचणी : इंजिन पूर्ण थंड असताना हातपंपाने यंत्रणेत झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब भरावा. दाब उतरू लागला, तर गळती आहे. बाहेर ओल दिसत नसेल, तर हीटरखालील पायपोस व इंजिन ऑइल पाहावे. झाकणाची चाचणीही याच पंपाने होते.

पंख्याच्या क्लचची चाचणी : इंजिन बंद असताना पंखा हाताने फिरवावा. त्याने किंचित विरोध करून लवकर थांबणे अपेक्षित आहे. तो मोकळा गरगरत राहिला किंवा क्लचवर तेलाचे ओघळ दिसले, तर क्लच निकामी समजावा. चालू इंजिनाच्या पंख्याला हात किंवा कोणतीही वस्तू लावू नये.

थर्मोस्टॅटची चाचणी : तो काढून पाण्याच्या भांड्यात टांगावा व पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास झडप उघडली पाहिजे व पाणी निवल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवणे हा उपाय नव्हे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, झीज वाढते व मूळ दोष झाकला जातो.

हेड गॅस्केटची चाचणी : टाकीच्या तोंडाशी निळे रसायन भरलेली नळी धरतात. कूलंटमधून येणाऱ्या हवेत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असल्यास रसायन पिवळे पडते. थंड इंजिन सुरू करताच होज ताठ होणे, टाकीत सतत बुडबुडे येणे, गोडसर वासाचा पांढरा धूर आणि एखादाच स्पार्क प्लग विलक्षण स्वच्छ असणे या पूरक खुणा आहेत. ऑइलच्या झाकणाखालील पांढरट साय मात्र एकटी पुरेशी नाही. थंड हवेत केवळ लहान फेऱ्या करणाऱ्या गाडीतही ती साठते.

उदाहरण : व्होल्व्हो २४०

स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने २४० या मालिकेतील मोटारी १९७४ ते १९९३ या काळात बनवल्या. मालिकेतील मोटारींची एकूण संख्या २८ लाखांहून अधिक आहे. तिची स्टेशन वॅगन आरंभी २४५ या क्रमांकाने ओळखली जाई. तिच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात लोखंडी ब्लॉक व ॲल्युमिनियमचे हेड असून ब्लॉकच्या लाल रंगामुळे त्याला ‘रेडब्लॉक’ असे टोपणनाव मिळाले. या इंजिनाची ख्याती टिकाऊपणाची असल्याने अनेक देशांत या वॅगन आजही वापरात आहेत. त्यांतील अतितापनाच्या तक्रारींत पुढील बाबी वारंवार आढळतात.

१९८६ पासूनच्या गाड्यांत तापमापकामागे एक लहान विद्युत पट्टी बसवलेली आहे. तापमानातील किरकोळ चढउतारांनी चालकाने अस्वस्थ होऊ नये म्हणून ती काटा मध्यावर स्थिर धरून ठेवते. पट्टी जुनी झाली, की काटा अकारण वर जातो किंवा हेलकावे खातो, आणि निर्दोष थर्मोस्टॅट व रेडिएटर बदलले जातात. काही मालक पट्टी वगळून काटा थेट संवेदकाला जोडतात. त्यानंतर घाटात काटा थोडा वर व उतारावर खाली जाणे हे नैसर्गिक समजावे लागते.

वॉटर पंप आणि हेड यांच्यामध्ये एक रबरी कडे असते. नवा पंप बसवताना तो वरच्या दिशेने दाबून धरूनच नट आवळावे लागतात. तसे न केल्यास कडे नीट दाबले जात नाही व नवा पंपही गळू लागतो. हीटरची झडप गाडीच्या आत, डॅशबोर्डखाली असल्याने तिची गळती इंजिनाजवळ दिसत नाही; ओला पायपोस, गोडसर वास आणि पुढील काचेवर आतून येणारा चिकट धूसरपणा यांवरून ती ओळखता येते. १९८० च्या दशकातील अनेक गाड्यांत इंजिनाच्या तारांचे आवरण काळाच्या ओघात भुगा होऊन पडते, त्यामुळे संवेदक खोटी माहिती देऊ शकतो.

रस्त्यात इंजिन तापल्यास

काटा वर चढू लागताच वातानुकूलन बंद करावे व हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात चालू करावा. हीटर हा एक लहान रेडिएटरच असल्याने इंजिनाची काही उष्णता त्यातून बाहेर पडते. तरीही काटा उतरला नाही, वाफ दिसली किंवा इंजिनाचा जोर कमी झाला, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे.

गरम असताना रेडिएटरचे किंवा टाकीचे झाकण कदापि उघडू नये. दाब नाहीसा होताच आतील द्रव एकदम उकळून उसळतो व चेहरा आणि हात गंभीररीत्या भाजतात. वरचा होज हाताने दाबता येण्याइतका थंड व मऊ झाल्यावरच, जाड फडके धरून, झाकण हळूहळू सैल करावे. यास अर्धा तास किंवा अधिक वेळ लागू शकतो. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नये. हेडला तडा जाण्याची भीती असते. विजेचा पंखा असलेल्या काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू लागतो, हे ध्यानात ठेवावे.

देखभाल

कूलंट म्हणजे केवळ पाणी नव्हे. पाणी व इथिलीन ग्लायकोल यांचे समप्रमाण मिश्रण सुमारे उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही, साध्या पाण्यापेक्षा अधिक तापमानाला उकळते आणि त्यातील रसायने धातूंना गंजापासून वाचवतात. ही रसायने कालांतराने निकामी होतात. म्हणून जुन्या प्रकारचे कूलंट दर दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस केली जाते. भिन्न जातींची कूलंट एकमेकांत मिसळू नयेत. मिश्रणासाठी ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. इथिलीन ग्लायकोल विषारी असून चवीला गोड असते. काढलेले कूलंट उघड्यावर सांडू देऊ नये व मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

कूलंट भरताना हीटर पूर्ण उघडा ठेवावा, शक्य असल्यास गाडीचे तोंड चढाकडे करावे आणि इंजिन चालू ठेवून हवा निघेपर्यंत द्रव थोडा थोडा घालावा. पट्टा, होज व झाकण यांची पाहणी दर सहा महिन्यांनी करावी. फुगलेला, चिरलेला किंवा दाबल्यावर कुरकुरणारा होज बदलावा. पंपाखालील लहान छिद्रातून थेंब येऊ लागणे ही पंप बदलण्याची पूर्वसूचना असते. रेडिएटरची जाळी इंजिनाच्या बाजूने पुढे हलक्या पाण्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात.

जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर डाक देऊन दुरुस्त करता येतात व त्यांच्या नळ्या सळईने साफ करता येतात. प्लास्टिकच्या टाक्या असलेले ॲल्युमिनियमचे रेडिएटर जुने झाल्यावर टाकीच्या जोडाजवळ ठिसूळ होतात. त्यांना बदलणेच श्रेयस्कर असते. गळती थांबवणारी पूड तात्पुरती उपयोगी पडली, तरी ती हीटरच्या बारीक नळ्याही चोंदवू शकते.

भारतातील स्थिती

भारतात स्टेशन वॅगन फारशा रुजल्या नाहीत. हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बॅसेडरची इस्टेट आवृत्ती निघाली होती. टाटांनी पुण्यात तयार केलेली टाटा इस्टेट ही डिझेल वॅगन १९९२ मध्ये बाजारात आली. पुढे मारुती बलेनो अल्टुरासारख्या गाड्या आल्या, परंतु त्या अल्पजीवी ठरल्या. त्यामुळे उरलेल्या गाड्यांचे मूळ सुटे भाग मिळणे कठीण असते व प्रतिबंधक देखभालीचे मोल अधिक वाढते.

मुंबई-पुणे जुन्या मार्गावरील बोर घाटात कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे एके काळी नित्याचे दृश्य होते. त्या काळी रेडिएटरमध्ये साधे पाणी भरण्याची सवय होती व ती अनेक ठिकाणी अद्याप टिकून आहे. दख्खनच्या पठारावरील अनेक विंधनविहिरींचे पाणी क्षारयुक्त असते. असे पाणी वारंवार तापल्याने ब्लॉकच्या पोकळ्यांत व रेडिएटरच्या नळ्यांत क्षाराचा थर बसतो. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे वाट अरुंद होण्याबरोबरच उष्णता कूलंटपर्यंत पोहोचण्यासही अडथळा होतो. अडचणीच्या वेळी साधे पाणी भरावे लागल्यास ते नंतर काढून योग्य कूलंट भरावे.

दुरुस्तीविषयीचा निर्णय

हेड गॅस्केट गेल्याचे सिद्ध झाल्यावर जुनी वॅगन ठेवावी की मोडीत काढावी, हा प्रश्न उभा राहतो. हेड उतरवल्यानंतर ते सरळपट्टी व फीलर गेजने तपासतात. निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत वाक असेल, तर पृष्ठभाग घासून सपाट करता येतो. तडे आहेत का, हे दाबाच्या चाचणीने कळते. ब्लॉक व बेअरिंगा शाबूत असतील, तर अशी दुरुस्ती गाडीला आणखी अनेक वर्षांचे आयुष्य देते. मात्र ज्या कारणाने इंजिन तापले ते दूर न करता केवळ गॅस्केट बदलल्यास तेही थोड्याच दिवसांत निकामी होते. म्हणून हेड बसवताना थर्मोस्टॅट, झाकण, होज व पट्टा नवे घालावेत आणि रेडिएटर आतून स्वच्छ करून त्याचा प्रवाह तपासून घ्यावा. या भागांची एकत्रित किंमत पुन्हा हेड उतरवण्याच्या खर्चापुढे अल्प असते.

हेही पहा

अंतर्ज्वलन इंजिन
रेडिएटर
थर्मोस्टॅट
इथिलीन ग्लायकोल
टाटा इस्टेट